नाला क्रमांक चार

आमच्या नाल्याला नंबर मिळाला तेव्हा आम्हाला आनंद झाला होता. तोवर तो नुसता नाला होता, कुठल्याच कागदावर नसलेला. वणीच्या रस्त्याला लागून कोळसा साठवायचे प्लॉट आहेत, तिथून तो निघतो, ट्रक धुण्याच्या जागेवरून येतो, आमच्या वस्तीच्या कडेनं विहिरीला वळसा घालतो आणि नदीला मिळतो. गावाचं नाव मी लिहीत नाही. यवतमाळ जिल्हा, एवढं पुरे. जिल्ह्याचं नाव काढलं की बाहेरच्यांना पांढरा कापूस आठवतो. आमच्या बाजूला दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी राखाडी होऊन घरात येतो.

ती विहीर आजोबांच्या पिढीनं स्वतः खोदलेली. वस्तीत नळ आले आहेत, पण पाणी चार दिवसांआड येतं आणि हंडे भरायच्या आत जातं. बाकी सगळं विहिरीवर. माझी आई वस्तीच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. लेकरांची खिचडी ती याच पाण्यात शिजवते. पावसाळ्यात नाला फुगला की कोळशाचं काळं पाणी कठड्याखालच्या भेगांतून आत उतरतं. आई सकाळी बादल्या भरून ठेवते, तुरटी फिरवते, तळाला काळा थर बसू देते आणि वरचं पाणी तीनपदरी फडक्यातून गाळून घेते. पूर्वी तासाभरात थर बसायचा. अलीकडे लेकरं ताटल्या वाजवायला लागली तरी बसत नाही. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका बाई एकदा बादलीत डोकावून बोलून गेल्या होत्या, की असंच राहिलं तर अंगणवाडी रस्त्यापलीकडे हलवावी लागेल. रस्त्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. तीन वर्षांची लेकरं तो रस्ता ओलांडून खिचडी खायला जातील, यावर विश्वास ठेवायला पर्यवेक्षिकाच व्हावं लागतं.

"विहीर गेली तं अंगणवाडी बी गेली समज," आई म्हणायची.

त्या वर्षी वरून आदेश आले. पावसाच्या पाण्याबरोबर नदीत जाणारी घाण रोखा, कशी रोखणार ते लिहून द्या, नाहीतर कारवाई होईल. आमच्या नगर परिषदेत अभियंता एकच, आणि त्याच्याकडे रस्ते, संडास, दिवाबत्ती आणि वर निवडणुकीची कामं. म्हणून सल्लागार नेमायचा ठराव झाला. सल्लागार नेमला की नियम पाळला गेला, अशी आमच्या नगर परिषदेची समजूत आहे. पुण्याची एक कंपनी आली. त्यांच्या तरुण इंजिनिअरनं ड्रोन उडवला, गावातले सगळे नाले चालून पाहिले आणि प्रत्येकाच्या पुलावर लाल रंगानं आकडा टाकला. आमच्या वाट्याला चार आला.

इंजिनिअर वाईट माणूस नव्हता, हे मला आधीच सांगायला हवं. वाईट असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. विहिरीच्या कठड्यावर बसून त्यानं आईच्या हातचा चहा घेतला आणि आईला नि मला सगळं नीट समजावलं; बाबा तेव्हा कामावर होते. चांगला पाऊस पडला की नाला वाहू लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात पाण्याचा नमुना घ्यायचा, कारण सगळी घाण त्या पहिल्या लोंढ्यात असते. ज्या नाल्यांचे नमुने खराब येतील ते पहिल्या टप्प्यात. तिथे वरच्या बाजूला गाळ बसवायची टाकी बांधायची आणि काठाला सिमेंटची भिंत.

"भिंत म्हणजे इथं, विहिरीपाशी?" आईनं विचारलं.

"हो मावशी. नमुना खराब आला तर."

"खराबच हाय, सर. त्याची काळजीच नोका करू."

आम्ही तिघं हसलो. आमच्याकडे काळ्या पाण्याला तोटा नव्हता. आमच्याजवळ जे मुबलक होतं ते सरकारला हवं आहे, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. एक बाटलीभर द्यायचं, की भिंत मिळणार.

माझे बाबा हायवेवर ट्रकची पंक्चर काढतात आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढतात. शाळेच्या पुस्तकाआधी मला 'बंधू-भगिनींनो' वाचता येत होतं. आमच्या घरात धान्याच्या कोठीशेजारी पत्रकांची पेटी आहे. मी त्यावर अक्षरं गिरवली, त्यांच्या कोऱ्या बाजूला गणितं केली, आणि अन्याय हा शब्द आई-बाबांच्या भांडणात नव्हे तर तिथे पहिल्यांदा शिकले. बाबांची निम्मी पत्रकं हक्कांबद्दल असायची आणि निम्मी स्वच्छतेबद्दल. बाहेरचा माणूस आपल्या वस्तीत येताना नाकाला रुमाल लावणार नाही हे आपल्या हातात आहे, असं ते दर वर्षी वेगळ्या शब्दांत लिहीत. वस्तीनंही ते मनावर घेतलं होतं. कुणी अधिकारी येणार असो, भंतेजी येणार असोत की मुलगी पाहायला पाहुणे, आदल्या दिवशी रस्ता झाडला जाणार, शेणसडा पडणार, विहारापासून विहिरीपर्यंत चुन्याची रेघ ओढली जाणार. कुणी सांगावं लागत नसे.

मी तेव्हा यवतमाळला एम.ए. करत होते आणि रविवारी घरी यायची. नमुन्याच्या वेळी सगळी वस्ती नाल्यावर उभी असली पाहिजे, असं माझं मत होतं. नुसती बाटली भरून नेऊ द्यायची नाही. त्या काळ्या पाण्यासमोर उभं राहून प्रत्येक घरानं आपलं म्हणणं लिहून घ्यायला लावायचं. म्हणून एका रविवारी मी पत्रक लिहिलं. आयुष्यातलं माझ्या एकटीचं पहिलं.

त्यातल्या ओळी मला पाठ आहेत, आणि विसरता आल्या तर बरं होईल. 'पाऊस येईल त्या दिवशी आपल्या नाल्याची तपासणी आहे. इतकी वर्षं ज्याच्याकडे कुणी पाहिलं नाही तो आपला नाला आता सगळ्यांसमोर येणार आहे. घरटी एक माणूस हजर राहिलाच पाहिजे. आपली वस्ती काय आहे हे त्यांना दाखवून द्या.'

बाबांनी ते दोनदा वाचलं. "वा!" म्हणाले. "शेवटची ओळ कशी गोळीसारखी हाय." शंभर झेरॉक्स काढल्या आणि मी यवतमाळची एसटी पकडली.

नंतर पावसानं ओढ दिली. आई फोनवर सांगायची, आभाळ येते आणि तसंच वणीकडे निघून जाते. एक दिवस फोन बाबांनी घेतला.

"बेटा, तुह्या पत्रकानं आख्खी वस्ती उठली."

"खरंच? सगळे येतील ना?"

"येतीन? आतापासूनच रोज येऊन राह्यले. तू ये तं खरी, पाहतच राहशीन."

मला वाटलं, लोक निवेदनं लिहून तयार करत असतील. मी वाचनालयात परत जाऊन बसले, पण पुस्तकात लक्ष लागेना. मी फार खूश होते. लोक रोज येऊन करतात काय, हे मी विचारलं नाही.

पाऊस आला त्या सकाळी इंजिनिअरचा वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश आला, की पथक निघतंय. आमच्याकडे रात्रीपासून भुरभुर होती, मोठी सर अजून यायची होती. आईनं फोनवर ते सांगितल्यामुळे मी पहाटेचीच एसटी धरली होती. मारेगावच्या पुढे पाऊस जोरात सुरू झाला. खिडकीच्या फटीतून गुडघ्यावर पाणी येत होतं आणि मी मनातल्या मनात बोलायची वाक्यं जुळवत होते. स्टँडवरून पळतच वस्तीत आले.

पुलापाशी सगळे होते. सत्तरेक माणसं असतील, छत्र्या घेतलेली, डोक्यावर युरियाची पोती पांघरलेली. बायकांनी धुतलेली पांढरी लुगडी नेसली होती. नाल्याच्या दोन्ही काठांवर चुन्याच्या रेघा होत्या, पावसानं विरघळत चाललेल्या. आणि खाली नाला वाहत होता, तळाचा मुरूम दिसेल असा स्वच्छ.

बाबा मला पाहून गर्दीतून पुढे आले. हातात खराटा होता. "पाह्य बेटा. आरशावाणी!"

आठ दिवस खपून वस्तीनं नाला उपसला होता. काळा गाळ पाट्या भरभरून लांब नेऊन टाकला, तळाला मुरूम पसरला. आणि ऐन सकाळी सर सुरू होताच, काळं पाणी पाहुण्यांच्या पायाशी येऊ नये म्हणून वर प्लॉटांच्या तोंडाशी रेतीच्या पोत्यांचा बांध घालून कोळशाचं पाणी एका रिकाम्या जागेत वळवून दिलं होतं. खाली येत होतं ते फक्त आमच्या घरांच्या पत्र्यांवरचं पावसाचं पाणी.

माझी आत्या सर्वांत पुढे होती. इंजिनिअर वाकून बाटली भरत होता आणि ती त्याला म्हणत होती, "सर, चाखून तं पाहा. हाटेलात वीस रुपये घेते याचे!"

"मावशी, आम्ही नमुना पीत नाही," तो हसून म्हणाला.

"काहून? बामनाचे हा काय?"

सगळे खदखदून हसले. इंजिनिअरही हसला, थोडा लाजून. त्यानं बाटली उजेडात धरली, मान डोलावली, झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली. मग मोबाईलवर वस्तीचे फोटो काढले. "अहो, असा लोकसहभाग मी विदर्भात कुठे पाहिला नाही," असं म्हणाला, आणि बाबा त्यांच्या खराट्यासकट सरळ उभे राहिले.

मी त्याला पुलाच्या पलीकडे बोलावून घेतलं आणि भराभर सांगितलं. हे पाणी या नाल्याचं नाही. वर पोत्यांचा बांध आहे, काळं पाणी तिथे अडलंय, तुम्ही माझ्याबरोबर दहा मिनिटं वर चला. तो ऐकत होता. पावसाचं पाणी त्याच्या चष्म्यावरून ओघळत होतं.

"ताई, मला अंदाज आला होता," तो म्हणाला. "पण माझा नमुन्याचा बिंदू हा पूल आहे. नकाशात तोच मंजूर आहे. मी वरचं पाणी घेतलं तर ते नाला चारचं धरत नाहीत."

"मग लिहा ना, की पाणी अडवलेलं होतं."

"लिहीन. पण मी पाहिलेलं नाही. तुम्ही मला लेखी द्या. वस्तीनं प्रवाह अडवला होता, असं. सही करा, मी जोडतो. मग कदाचित फेरनमुना मिळेल."

मी पेन मागितलं. त्यानं खिशातून काढलं, पण लगेच दिलं नाही.

"एक सांगतो. सार्वजनिक नाला अडवणं हा गुन्हा आहे. मी जोडलेला कागद नगर परिषदेत जाणार. नोटिसा कोणाला निघतील, ते मला सांगता येणार नाही."

पुलाच्या अलीकडे सत्तर माणसं भिजत उभी होती. त्यांनी अडवलं होतं, आणि अडवायला मीच सांगितलं होतं, असं कागदावर आलं असतं. आमच्या वस्तीतल्या निम्म्या घरांच्या जागेचे पट्टे अजून झालेले नाहीत. नोटीस या शब्दानं आमच्याकडे माणसं कपडे भरायला लागतात. प्लॉटवाल्यांचं काळं पाणी वर्षानुवर्षं येत होतं, त्यांना कधी नोटीस निघाली नव्हती. ते एक दिवस थांबवलं म्हणून आम्हाला निघाली असती.

मी पेन घेतलं नाही.

याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्याइतकं तत्त्वाचं बोलणारं त्या पुलावर कोणी नव्हतं, आणि खरं ते लिहून सही करायची एवढंच काम होतं. ते माझ्याच्यानं झालं नाही. सही केली असती तर बरोबर ठरलं असतं का, हेही मला आजवर ठरवता आलेलं नाही.

पथक गेलं. लोक घरी जाऊन भजी तळायला लागले. बाबा न्हाऊन आले आणि म्हणाले, "काय म्हणत होता सर? खूश दिसला."

मी त्यांना सांगितलं. नमुना घाण यायला हवा होता. नाला जसा आहे तसा दिसायला हवा होता. भिंत त्याच्यावर ठरणार होती.

"पण तूच तं लिहिलं," बाबा हळू म्हणाले. "वस्ती काय हाय ते दाखवून द्या."

"बाबा, म्हणजे खरं दाखवा. हाल दाखवा."

"मंग तसं लिहाचं ना वो," आई चुलीपासून म्हणाली. नमुना खराब यावा लागतो, हे तिला सर्वांत आधी कळलं होतं. विहिरीवर सर चहा घेत होता तेव्हा ती समोर होती, पण आठ दिवस नाला उपसताना तीही पाट्या वाहत होती. "मले वाटलं, पोरगी शिकली, तिले मालूम असंन. साफ करून दाखवलं तं सायबाले वाटंन, या लोकायले भिंत देल्ली तं जपतीन. एक ओळ लिहाची होती. नाला झाडू नका, म्हणून."

"असं पत्रक कोणी काढत असते काय?" बाबा तिच्यावर ओरडले. "घाण ठेवा म्हणून? आपल्या लोकायले?"

कुणी काढत नाही. बाबांच्या पेटीत असं एकही पत्रक नाही. आमच्या लोकांना घाणेरडे म्हणणाऱ्यांना दोन पिढ्या उत्तर देत आम्ही इथवर आलो, आणि भिंत मिळवण्यासाठी घाणेरडं दिसणं गरजेचं होतं. ते वाक्य माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजही ते लिहायचं म्हटलं तर हात चालेल असं वाटत नाही.

दुपारी पोती फुटली. अडलेलं सगळं पाणी एकदम आलं, नेहमीपेक्षा दुप्पट, घट्ट, डांबरासारखं. आम्ही धावत गेलो तोवर कठड्याच्या भेगांतून ते विहिरीत जात होतं, आतून पन्हळीसारखा आवाज येत होता. माणसांनी भेगांत चिंध्या कोंबल्या, माती लावली, काही उपयोग नव्हता. मी व्हिडिओ काढून इंजिनिअरला पाठवला. त्यानं हात जोडलेलं चित्र पाठवलं. थोड्या वेळानं एक ओळ आली : 'फार वाईट वाटलं. नमुना लॅबला गेला आहे.'

हिवाळ्यात अहवाल आला. हरकती आणि सूचनांसाठी तो नगर परिषदेत ठेवला होता, टेबलावर, दोरीनं बांधून. मी उभ्यानं वाचला. नाला क्रमांक चार, प्रदूषण आढळले नाही, बांधकामाची आवश्यकता नाही. पहिल्या टप्प्यात बाजारामागचा नाला होता. पुढे एक पान रंगीत होतं. त्यावर आमची वस्ती होती, पांढरी लुगडी, चुन्याच्या रेघा, मध्ये बाबा खराटा घेऊन. त्याखाली माझ्या पत्रकाचा फोटो छापला होता. वर लिहिलं होतं, 'अनुकरणीय लोकसहभाग'.

सुनावणीत मी बोलले. चांगलं बोलले, असं लोक म्हणतात. प्लॉटवाल्यांचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, अंगणवाडीचं सांगितलं, मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला. समोरच्या साहेबांनी तो पूर्ण पाहिला आणि चष्मा काढून पुसला.

"बाई, तुमच्या भावना समजतात," ते म्हणाले. "पण यातला नाला कोणता, ते व्हिडिओत कुठे दिसते? आकडा दिसत नाही."

"पुलावरचा आकडा पाण्याखाली आहे, साहेब. पाणी इतकं आलंय."

"तेच. दिसत नाही ना." मग अहवालाचं रंगीत पान माझ्याकडे फिरवून त्यांनी विचारलं, "आणि हे पत्रक तुमचंच ना? चांगलं लिहिता."

माझी हरकत नोंदवून घेतली गेली. दुसऱ्या टप्प्यात विचार करण्यात येईल, असं उत्तर आलं. दुसरा टप्पा कधी, हे मी माहितीच्या अधिकारात विचारलं. त्याचंही उत्तर आलं. पहिला टप्पा पूर्ण झाल्यावर. पहिला टप्पा कसा पूर्ण करायचा, यासाठी पुन्हा एक सल्लागार नेमायची निविदा निघाली आहे.

महिन्यातून एकदा नाल्यावर दोन सफाई कामगार यायचे, ते त्यानंतर येईनासे झाले. बाबा विचारायला गेले तेव्हा नगर परिषदेतला बाबू म्हणाला, "काकाजी, तुमाले गरज काय? तुमी तं सोताच करता. अहवालात हाय." बाबांना एका सभेत सन्मानपत्र मिळालं. त्यांनी ते घ्यायला नकार दिला नाही. तिथे सगळ्यांसमोर काय म्हणावं ते त्यांना सुचलं नाही, असं ते मला नंतर म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला सुचलं असतं.

यंदाच्या पावसाळ्यात विहिरीच्या पाण्यातला गाळ बसलाच नाही. आईनं तुरटी फिरवली, फडकं चारपदरी केलं, बादल्या दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून ठेवल्या. भाद्रपदात पर्यवेक्षिका बाई आल्या आणि कागद देऊन गेल्या. अंगणवाडी रस्त्यापलीकडच्या समाजमंदिरात हलवली. मी त्या आठवड्यात घरीच होते. पहिल्या दिवशी आईनं अकरा लेकरांना एका जुन्या साडीला धरायला लावलं, एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. ट्रक थांबत नव्हते. आई हात वर करत होती, ट्रकवाले हॉर्न देत होते, लेकरांना ते हॉर्न आवडत होते.

"आता जाऊ का?" मी विचारलं.

"थांब," आई म्हणाली. "अजून एक येऊन राह्यला."